अर्धा पुढे, पाव मागे

टॅपिंग, म्हणजे टॅप नावाचं हत्यार होलात फिरवून आतून आटे पाडणं, नेहमी शेवटी येतं, आणि सगळी भानगड तिथेच आहे. कास्टिंग फाउंड्रीतून आलेलं असतं, फेस मारून झालेला असतो, बोअर मापात बसलेलं असतं, दोन-तीन मशीनचे तास आणि चार माणसांचे हात त्या जॉबवर, त्या घडवायच्या तुकड्यावर, चढलेले असतात. राहिलेले असतात ते कोपऱ्यातल्या चार होलांचे आटे. ते काम कुणाला द्यायचं? तर हात मोकळा असेल त्या पोराला. शे-दोनशे रुपयांचा टॅप, पाच मिनिटांचं काम, त्यात काय एवढं! आणि मग ‘टक्’ असा एक बारीक आवाज होतो, पोरगा तुटका दांडा हातात धरून उभा राहतो आणि हजारो रुपयांचा जॉब टेबलावर नुसता पडून राहतो. लेथवर टूल तुटलं तर कुणी मान वर करून बघतही नाही. टॅप तुटला की सगळं शॉप बघतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम शिकलो आणि पुढे भोसरीला आलो. या कामाइतकं कमी लेखलेलं काम दुसरं नाही, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. ड्रिलिंगला लोक काम समजतात, ग्राइंडिंगला कला समजतात. टॅप मारणे म्हणजे मात्र फिरवाफिरवी. खरं तर धातू कापायच्या सगळ्या हत्यारांत सगळ्यात अडचणीत सापडलेलं हत्यार टॅपच आहे.

का, ते सांगतो. लेथवर जोर येतोय असं वाटलं तर कट कमी करता येतो. ड्रिल कुरकुरायला लागलं तर फीड (दर फेऱ्याला पुढे सरकणं) कमी करता येते. टॅपला ती सोय नाही. एम १० चा, म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा, टॅप एका फेऱ्यात दीड मिलिमीटर पुढे जाणार म्हणजे जाणारच. त्याची फीड त्याच्या अंगावरच कोरलेली आहे. जॉब कठीण निघाला, तेल संपलं, चिप (कापलेला कीस) अडकली, तरी ‘जरा सावकाश खातो’ असं त्याला म्हणता येत नाही. वेग कमी होईल, पण घास तेवढाच राहील. त्यात तो चारही बाजूंनी धातूत गाडलेला असतो. कापलेला कीस जायला जागा किती, तर अंगावरच्या तीन-चार खाचा. त्या खाचा मोठ्या कराव्यात तर मधला गाभा बारीक होतो आणि टॅप पिळवटून तुटतो. लहान ठेवाव्यात तर कीस कोंबला जातो आणि तरीही तुटतोच. टॅप बनवणारा माणूस या दोन तुटण्यांच्या मधून वाट काढत असतो.

हाताने मारायच्या टॅपचा तिघांचा संच असतो. पहिल्याचं तोंड लांबवर निमुळतं, साधारण आठ-दहा आट्यांचं. दुसऱ्याचं चार-पाच आट्यांचं. तिसऱ्याचं जेमतेम एक-दोन आट्यांचं, बंद होलाच्या तळापर्यंत जायला. काही संचांत दांड्यावरच्या वलयांवरून ओळखायचं असतं: एक वलय पहिला, दोन वलयं दुसरा, वलयच नाही तो शेवटचा. कापायचं काम सगळं या निमुळत्या तोंडात होतं. मागचे पूर्ण दात फक्त वाट दाखवतात. एम १० साठी ८.५ चं होल मारलं तर प्रत्येक बाजूने पाऊण मिलिमीटर धातू काढायचा असतो. पहिल्या टॅपच्या तोंडात आठ आटे आणि चार खाचा धरल्या तर बत्तीस दातांनी तो वाटून घ्यायचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरचा सुमारे चाळिसावा भाग. तिसरा टॅप सरळ पहिल्यांदाच घातला तर दोन आटे, आठ दात, प्रत्येकाला चौपट घास. पोरं कंटाळा करून तिसराच टॅप उचलतात तेव्हा दातांचे कोपरे उडतात, ते या हिशेबामुळे.

गंमत अशी की एकूण जोर मात्र लांब तोंडाच्या टॅपलाच जास्त लागतो. धातूचा पातळ पापुद्रा काढायला त्याच्या आकारमानाच्या मानाने जोर जास्त पडतो आणि बत्तीस दात घासतातही जास्त. मनगटाला जड लागतो तो पहिला टॅप, तुटण्याची भीती असते ती तिसऱ्याला. शिकणारा मुलगा नेमकं उलटं समजतो. जड लागतंय म्हणून पहिल्याला घाबरतो आणि हलकं जातंय म्हणून तिसऱ्यावर रेटतो.

जोराचा ढोबळ हिशेब करायला एक सोपं सूत्र आहे. पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) वर्ग, गुणिले व्यास, गुणिले त्या धातूचा कापायला होणारा विरोध, भागिले आठ हजार. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. मापं मिलिमीटरमध्ये घेतली आणि साध्या माइल्ड स्टीलला तो विरोध चौरस मिलिमीटरला दोन हजार न्यूटनच्या आसपास धरला तर एम १० ला साडेपाच-सहा न्यूटन-मीटर येतात. टॅप हँडल एक फुटाचं असेल तर दोन्ही हातांवर साधारण दोन-दोन किलोचा भार. हे हाताला चांगलं कळतं. आता एम ३ घ्या. उत्तर येतं ०.२ च्या आत. त्याच फूटभर हँडलवर प्रत्येक हाताला साठ-सत्तर ग्रॅम. एवढा भार मनगटाला जाणवतच नाही, आणि टॅप मोडायला काहीशे ग्रॅम पुरतात. म्हणजे ‘मस्त चाललंय’ आणि ‘तुटला’ यांच्यामधलं सगळं अंतर माणसाच्या जाणिवेच्या खाली आहे. आमचे मिस्त्री बारीक टॅपसाठी बोटांच्या चिमटीत बसेल एवढंच हँडल द्यायचे, मोठं हँडल कपाटात कुलपात ठेवायचे. मला तेव्हा तो कंजूषपणा वाटायचा.

त्या सूत्रात पिचचा वर्ग आहे, त्याकडे लक्ष द्या. एम १० ला दीडऐवजी एकचं पिच घेतलं तर जोर निम्म्याच्याही खाली येतो. नाजूक जॉबला बारीक आटे का देतात, त्याच्या कारणांतलं एक कारण हे.

पण सूत्र नव्या, धारदार, नीट तेल घातलेल्या टॅपचं आहे. जोराचे तीन वाटेकरी असतात: धातू कापणं, अंग घासणं आणि अडकलेला कीस चिरडणं. नव्या टॅपला पहिला वाटा मोठा. टॅप जुना होत जातो तसा दुसरा वाढतो, आणि तेलात कुचराई केली की तिसराही डोकं वर काढतो. तुटतो त्या क्षणी जोर कापण्यात कमीच जात असतो. म्हणूनच टॅपचं अंग मागे दांड्याकडे किंचित निमुळतं ठेवलेलं असतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं, दातांच्या पाठीही थोड्या उतरत्या घासलेल्या असतात. घासणं कमी व्हावं म्हणून बनवणाऱ्याने एवढी खटपट केलेली असते. आणि आपण काय करतो? होल लहान मारतो.

हा माझा जुना तळतळाट आहे. एम १० ला ८.५ चं ड्रिल असा तक्ता प्रत्येक शॉपात भिंतीवर लावलेला असतो आणि तो वेदवाक्य मानला जातो. तक्ता चुकीचा नाही. पण एम १० च्या सर्वसाधारण ६एच (ही मापात चालणाऱ्या फरकाची प्रत) आट्यांचा आतला व्यास ८.३७६ पासून ८.६७६ पर्यंत कुठेही चालतो, हे किती जणांना माहीत असतं? ८.५ च्या ड्रिलने नेमकं ८.५ चंच होल पडतं असंही नाही; बहुधा थोडं मोठं पडतं, पण धार झिजलेली असली आणि जॉब तापून आकसला तर लहानही राहतं. हँडबुकांतून फिरणारा एक जुना आकडा आहे: पूर्ण खोलीचे आटे हे पाऊण खोलीच्या आट्यांपेक्षा जेमतेम पाच टक्के मजबूत, पण पाडायला जोर लागतो तिप्पट. पाच टक्क्यांसाठी तिप्पट! तेही बहुतेक वेळा फुकटच, कारण स्टीलच्या होलात बोल्ट त्याच्या व्यासाएवढा आत गेला की ओढल्यावर आधी बोल्टच तुटतो, आटे नाही. नटाची उंची व्यासापेक्षा कमीच असते, यातच सगळं आलं.

मिस्त्रींच्या पेटीत ८.६ चं एक ड्रिल असायचं. स्टोअरमध्ये त्याची नोंद नव्हती, ते स्वतःच्या पैशाने आणलेलं. खोल होल असलं, चिवट माल असला की ते बाहेर यायचं. इन्स्पेक्शनवाला आटे तपासायचं गेज लावायचा, आत जायलाच हवा तो ‘गो’ जायचा, जाता कामा नये तो ‘नो-गो’ अडायचा, जॉब पास. स्टोअरकीपरला आयुष्यभर कळलं नाही की यांचेच टॅप का तुटत नाहीत.

आता तेल. इथे जरा बसून बोलावं लागेल.

कापताना तेल घालायचं ते गार करायला, अशी सर्रास समजूत आहे. लेथवर, मिलिंगवर ती बरीचशी खरी. हाताने टॅप मारताना तिच्यात काही दम नाही. एम १० चा टॅप हाताने मिनिटाला वीसेक फेरे फिरला तर त्याच्या दातांचा वेग मिनिटाला अर्धा-पाऊण मीटर. त्यात कसली उष्णता? हायस्पीड स्टील सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा टिकवतं. हाताने मारताना त्याच्या जवळपासही आपण जात नाही. तेल लागतं ते दोन धातूंना एकमेकांना चिकटू न देण्यासाठी. दाताच्या टोकाशी दाब इतका प्रचंड असतो की साधं तेल तिथून पिळून बाहेर फेकलं जातं. नुकताच कापलेला, हवाही न लागलेला धातूचा कोरा पृष्ठभाग दाताच्या अंगावर घासत जातो आणि जागोजागी चिकटतो. तो कण पुढच्या फेऱ्यात उपटला जातो, येताना आट्याची सफाई नेतो, कधी दाताचाही कण नेतो.

अशा जागी तरतं ते धातूला धरून राहणारं तेल. विल्यम हार्डी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात यावर पायाभूत काम केलं. स्निग्धाम्लांच्या रेणूंचं एक टोक धातूला चिकटतं आणि शेपूट उभी राहते. अशा उभ्या रेणूंचा एकच थर असला तरी घर्षण झपाट्याने उतरतं. खनिज तेलात असे चिकटणारे रेणू मुळात नसतात, मुद्दाम मिसळावे लागतात. प्राण्यांच्या चरबीत आणि बियांच्या तेलात ते आयतेच असतात. म्हणून पूर्वी पाश्चात्त्य देशांत डुकराच्या चरबीचं तेल वापरायचे, आणि म्हणून आपल्याकडे फिटरच्या बाकावर खोबरेल तेलाची निळी बाटली असते.

शिकलेले इंजिनिअर त्या बाटलीला हसतात. हसू नये. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल हे स्निग्धाम्ल असतं, स्टीलच्या टॅपला ते झकास चालतं, हाताची कातडी जळत नाही आणि वासाने डोकं उठत नाही. कपाटातलं महागडं गंधकवालं कटिंग ऑइल साहेब आले की बाहेर यायचं. बाकी वेळ ही बाटली. अडचण एकच: खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात सकाळच्या पाळीला बाटली उलटी केली तरी थेंब पडायचा नाही. मग ती बल्बच्या होल्डरला टांगून ठेवायची, किंवा काडीने पांढरा गोळा काढून सरळ टॅपच्या खाचांत भरायचा. हा दुसरा प्रकार मला पहिल्यापेक्षा चांगला वाटतो. थिजलेलं तेल ओघळून जात नाही, दाताबरोबर आत जातं आणि जिथे घासणं चालू आहे तिथेच वितळतं. आडव्या होलाला तर थंडीचे दिवस सुखाचे!

सगळ्याच धातूंना मात्र एकच बाटली चालत नाही. ॲल्युमिनियम मऊ, म्हणजे सोपं असं वाटतं. प्रत्यक्षात ओल्या कणकेतून सुरी ओढल्यासारखं ते दाताला लागून येतं. दातावर ॲल्युमिनियमचा थर चढतो, तो थरच मग कापायला लागतो आणि आटे मापापेक्षा मोठे, फाटलेले निघतात. त्याला रॉकेल उत्तम. आता रॉकेल सहज मिळत नाही, मग कुणी डिझेल वापरतं, कुणी तयार स्प्रे. पितळ बहुतेक कोरडंच चालतं. आणि गंधकाचं तेल पितळ-तांब्याला लावायचं नाही, डाग काळे पडतात आणि गिऱ्हाईक जॉब परत पाठवतं.

एक आठवण पुस्तकातली. कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव मंद वेगाने धातू कापताना चमत्कार वाटावा इतका चांगला चालतो, असं गेल्या शतकातल्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं. त्यातला क्लोरीन ताज्या धातूशी लगेच संयोग पावतो आणि घसरता थर तयार होतो. पण ते यकृताला विष आहे, म्हणून हद्दपार झालं. जुन्या लोकांकडे कधीकधी त्याची बाटली निघते. निघाली तर टॅपचा मोह टाळावा.

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, तऱ्हाच निराळी. कोल्हापूरला कामाचा बराच भाग बिडाचा, फाउंड्र्यांचं गाव ते. बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, तेच वंगण. कीस लांब येत नाही, भुकटी पडते. तिच्यात तेल घातलं की काळा चिखल होतो आणि खाचा लिंपून टाकतो. म्हणून बीड कोरडं मारायचं, मधूनमधून टॅप काढून झटकायचा. पहिल्यांदाच बिडाला तेल घालायला गेलेल्या एका पोराचा मिस्त्रींनी केलेला उद्धार मी ऐकलाय: “आरं, लाडू वळतोस काय तिथं?” बिडाला टॅप सहसा तुटत नाही, पण झिजतो मात्र भराभर. कास्टिंगच्या कातडीत वाळूचे कण असतात, कोपऱ्यात लवकर थंड झालेली कडक जागा असते, आणि ती भुकटी पॉलिश पेपरसारखं काम करते. बिडाचा टॅप वेगळा ठेवायचा आणि स्टीलला लावायचा नाही, हा नियम त्यासाठी. बिडात बोथट झालेला टॅप बिडात आणखी बरेच दिवस निमूट चालतो. तोच स्टीलला लावला की पहिल्याच होलात राहतो.

भोसरीत आल्यावर भेटलं स्टेनलेस. डेअरीची, खाद्यपदार्थांची यंत्रं बनवणारं शॉप, सगळा माल ३०४ या जातीचा. हा माल कापतानाही कडक होतो, घासल्यावर तर फारच. ड्रिल बोथट असेल तर ते होलाच्या भिंतीला घासून एक कडक कातडी तयार करून ठेवतं, आणि ती फाडायचं काम मागून येणाऱ्या टॅपच्या गळ्यात पडतं. ड्रिलवाल्याचं पाप टॅपवाल्याच्या नावावर. तिथे खोबरेलही अपुरं पडतं. गंधक-क्लोरीनचं घट्ट तेल किंवा मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) पेस्ट लागते. कापताना टोकाशी ऊब वाढते तसा स्निग्धाम्लांचा थर सुटतो, आणि नेमक्या त्याच उबेला गंधक धातूशी जोडून नवा थर बनवायला लागतं. मशीनचं दुधासारखं पांढरं कुलंट, वीस भाग पाण्यात एक भाग तेल, इथे फारसं कामाचं नाही. ते गार करतं छान, पण घसरवत नाही. त्या शॉपात आम्ही कुलंटचा पाइप बाजूला वळवून होलात ब्रशने तेल सोडायचो आणि सुपरवायझर दिसला की पाइप पुन्हा सरळ.

झीज बघायला भिंग लागत नाही, ट्यूबलाइट लागते. टॅप हातात धरून लाइटखाली हळू फिरवायचा. धारदार कडेवर उजेड टेकायला जागाच नसते, म्हणून ती दिसत नाही. झिजलेली कड बारीक चपटी झालेली असते, त्या चपट्या पट्टीवर उजेड पडतो आणि पांढरी रेघ चमकते. रेघ दिसली की टॅप थकला. रेघ सगळ्या दातांवर सारखी नसते: तोंडाचे शेवटचे दात आणि पहिला पूर्ण दात इथे सगळ्यात ठळक. मागच्या दातांवर काहीच नसतं. त्यामुळे वरवर बघणारा म्हणतो, नवा तर आहे! दुसरी खूण नखाची. कड नखावर टेकवून हलकेच ओढायची. पांढरा कीस निघाला तर धार आहे, नुसती घसरली तर नाही. तिसरी खूण होलाच्या तोंडाशी उभी राहिलेली बर (धातूची बोचरी किनार), आणि चौथी ‘गो’ गेजची. तो घट्ट जायला लागला की समजायचं, टॅप मापातून उतरतोय.

सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवलेले टॅप आले तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. स्टीलला थर खरंच उपयोगी; चिकटणं कमी होतं, झीज लांबते. वाफेत काळे केलेले टॅप दिसायला गरीब, पण त्या काळ्या थराच्या बारीक भोकांत तेल धरून राहतं, स्टेनलेसला मला ते आवडतात. पण सोनेरी टॅप घेऊन तेल वाचवणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

आता ते ‘अर्धा पुढे, पाव मागे’, म्हणजे टॅप अर्धा फेरा पुढे न्यायचा आणि पाव फेरा मागे आणायचा. आयटीआयमध्ये हा पाढ्यासारखा पाठ करून घेतात आणि सरळ खाचांच्या हाताच्या टॅपला तो रास्तच आहे. मागे फिरवायचं ते चिप तोडायला. मागे वळताना एक क्षण जोर उलट्या बाजूने वाढतो, कारण चिपचं मूळ अजून भिंतीला जोडलेलं असतं आणि दाताची पाठ त्यावर चढते. मग ‘कट्’ अशी बारीक जाणीव होते आणि हँडल मोकळं होतं. ती जाणीव होईपर्यंत मागे यायचं. पाव म्हणजे मोजून पाव नव्हे. बरेच टॅप पुढे जाताना नाही, मागे येताना तुटतात, कारण पोरं हा क्षण झटक्याने काढतात. दोन हातांचा जोर सारखा नसणं हे दुसरं कारण. पिळाला टॅप बऱ्यापैकी दाद देतो, वाकवण्याला अजिबात नाही. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांत गुण्या लावून दोन बाजूंनी सरळ बघून घेतलं तर पुढची निम्मी दुखणी टळतात.

पण हा पाढा प्रत्येक टॅपला लावायचा नसतो. तोंडाशी तिरकी खाच असलेला टॅप चिप पुढे ढकलतो; आरपार होलाला तो सरळ एका दमात घालायचा. पिळाच्या खाचांचा टॅप चिप वर ओढून काढतो. बंद होलाला तो घालायचा आणि मध्ये मागे फिरवून ती वर येणारी गुंडाळी तोडायची नाही, नाहीतर तुकडे खाली पडतात आणि तळाशी कोंबले जातात. स्टेनलेसमध्ये तर सारखं मागेपुढे करणं म्हणजे भिंत घासून कडक करणं. अनुभवी माणसं इथे अडतात. वीस वर्षं हात तसाच फिरलेला असतो, तो नवं हत्यार हातात आलं तरी तसाच फिरतो.

सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, हा हात उरलेला नाही. स्पिंडलचा (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याचा) फेरा आणि खाली जाणं मशीन स्वतः जुळवून घेतं, ऑपरेटर काचेपलीकडे उभा. पूर्वी क्लचवाल्या टॅपिंग अटॅचमेंट यायच्या, जोर वाढला की घसरायच्या आणि टॅप वाचायचा. आता बहुतेक ठिकाणी तेही नाही. पण स्क्रीनवर स्पिंडल लोडचा आकडा असतो आणि शहाणा ऑपरेटर तो वाचतो. नवा टॅप घातला तेव्हा किती होता हे खडूने मशीनच्या दरवाजावर लिहून ठेवायचं. आकडा हळूहळू चढत जातो ती झीज. अचानक उसळतो ती चिप, किंवा ड्रिल बदललेलं, किंवा कुलंटचं पाणी वाढलेलं. मोठ्या मशीनवर बारीक टॅप असेल तर मात्र हा आकडाही आंधळा. एम ३ चा जोर स्पिंडलच्या स्वतःच्या फिरण्यातच बुडून जातो. म्हणजे फूटभर हँडलची गोष्ट तिथेही सुटलेली नाही. बारीक टॅपला मग होलांची संख्या मोजायची आणि ठरल्यावर टॅप बदलायचा, चांगला दिसत असला तरी. मालकाला हे पटवणं सगळ्यात कठीण ऑपरेशन आहे.

न कापता दाबून आटे उठवणारे टॅपही असतात. त्यांना खाचा नावाला किंवा नसतातच, कीस पडत नाही, बंद होलाची कटकट मिटते. ॲल्युमिनियमला, मऊ स्टीलला फार छान, बिडाला वर्ज्य. जोर जास्त लागतो आणि तेलाशिवाय ते एक फेराही सहन करत नाहीत. होलही मोठं लागतं, एम १० ला ९.३ च्या आसपास. भिंतीवरचा ८.५ चा तक्ता बघून कुणी हा टॅप घातला की काय होतं, ते सांगायची गरज नाही.

आणि तुटलाच तर? पहिली गोष्ट म्हणजे छिन्नी-हातोडा घेऊन लगेच धावायचं नाही. थोडा वर दिसत असेल तर मागे-पुढे हलवत, तेल सोडत निघतो. खाचांत बोटं घालून फिरवायचे एक्सट्रॅक्टर मिळतात. त्यांचीच बोटं आधी मोडतात, पण एकदा बघायला हरकत नाही. जॉब पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर किराणा दुकानातली तुरटी कामाला येते. कडक गरम पाण्यात जेवढी विरघळेल तेवढी विरघळवायची, जॉब त्यात बुडवून गरमच ठेवायचा. स्टील सावकाश खाल्लं जातं, पितळ-ॲल्युमिनियम शाबूत राहतं. हायस्पीड स्टीलला वेळ बराच लागतो, घाई असेल तर हा उपाय नाही. जॉब स्टीलचा किंवा बिडाचा असेल तर तुरटी दोघांनाही सारखीच खाईल, तिथे स्पार्क मशीनवाल्याकडेच जायचं. तो टॅपचा गाभा ठिणग्यांनी जाळून काढतो आणि पाकळ्या चिमट्याने उचलायच्या राहतात. भोसरीत असे बरेच आहेत. भावाची घासाघीस मात्र जॉब त्याच्या टेबलावर चढायच्या आधी करून घ्यावी.